दहा चिंचोके, एक खेप

"जपून ठेवा," असं म्हणून तो तळहातावर एक लाल चिंचोका ठेवायचा. भाडं घेतल्यावर, सुट्टे परत द्यावेत तसा. घेणारा दोन पावलं पुढे गेला की खिडकीतून मान बाहेर काढून पुन्हा सांगायचा, "हरवू नका. दहा झाले की एक खेप फुकट."

तुमच्यापैकी कुणी अलीकडच्या वर्षांत जव्हारहून दाभोशाला जीपने गेलं असेल, तर त्याच्याच गाडीतून गेलं असण्याची शक्यता आहे. पांढरी जीप, आणि मागच्या दारावर हिरव्या रंगात लिहिलेलं ‘पुन्हा या’. बाकीच्या गाड्यांवर देवाचं नाव असतं, पोरांची नावं असतात, नाहीतर जळणाऱ्यांना उद्देशून काहीतरी टोमणा असतो. याच्या गाडीवर मात्र खाणावळीच्या दारावर असावं तसं ‘पुन्हा या’. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात म्हटलं, अरे बाबा, या रस्त्याचे खड्डे एकदा खाल्लेला माणूस पुन्हा येतो तो नाइलाजाने. तुझ्या आमंत्रणाने नव्हे.

माझा नाइलाज रोजचाच होता. मी दाभोशाकडच्या उपकेंद्रात नर्स आहे आणि राहते जव्हारला. सकाळी त्याच्या गाडीने जायचं, संध्याकाळी त्याच्याच गाडीने परत. मला पुढची जागा मिळायची. त्यात मानापेक्षा माझ्या लसींच्या डब्याची सोय जास्त होती, कारण तो डबा मांडीवर सरळ धरावा लागतो आणि मागे कोंबड्यांच्या आणि भाजीच्या गर्दीत ते जमत नाही. पण पुढे बसल्यामुळे त्याची बडबड पहिली माझ्या कानावर पडायची. आणि त्याची बडबड एकाच विषयावर असायची, ती म्हणजे स्कीम.

कुठल्या दुकानात तेलाच्या डब्यावर साखर आहे, कुठल्या साबणावर वाटी आहे, कुठली चहापत्ती आत्ता घेऊ नये कारण पुढच्या आठवड्यात तिच्यावर चमचा येणार आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ. जव्हारच्या बाजारातले दुकानदार त्याला बघितलं की आधी हसायचे आणि मग जरा सावध व्हायचे. "स्कीम आहे तर लोकांना सांगायची," हे त्याचं आवडतं वाक्य. "लपवून ठेवली तर ती स्कीम कसली?"

बायका त्याचं ऐकायच्या. एकदा कपडे धुण्याच्या पावडरीवर बादली होती, पण मोठं पोतं घेतलं तरच. एवढी पावडर घेऊन एक बाई करणार काय? याने सकाळच्या फेरीतच पाच जणींना तयार केलं. त्यांनी मिळून पोतं घेतलं, परतीच्या वाटेवर जीपमध्येच पावडर वाटून घेतली आणि सगळी गाडी शिंकत शिंकत दाभोशाला पोचली. माझ्या डब्यावर, केसांत, सगळीकडे निळी भुकटी. पाच जणींत बादली एक. मग ती कुणाची? त्यावर तो म्हणाला, बादली पाड्याची. ज्या घरी लग्न किंवा बारसं, त्या घरी बादली. ती अजून तशीच फिरते आहे. मागच्या उन्हाळ्यात एका हळदीला मी तिच्यातूनच पाणी प्यायले.

रस्त्यात एक वळण आहे. त्या वळणावरच तेवढी मोबाइलला रेंज येते, पुढे-मागे नाही. तिथे गाडी थांबायचीच. तो फोन काढायचा आणि विचारायचा, कुणाचा रिचार्ज संपलाय? त्याच्या फोनवरून केला की कूपन मिळायचं, त्या कूपनवर पुढच्याच्या रिचार्जला थोडी सूट, त्याच्यावर आणखी काहीतरी. अशी ती साखळी आख्ख्या गाडीभर चालायची. मला उशीर व्हायचा आणि मी चिडायचे. मी चिडले की तो शांतपणे म्हणायचा, "सिस्टर, तुमचा पण करून देऊ का?" आणि मी मुकाट्याने नंबर सांगायचे. घाईतल्या माणसालाही सूट सोडवत नाही, हे त्याने माझ्याबाबतीत बरोबर ओळखलं होतं.

फसायचाही. डिझेल तो एकाच पंपावर भरायचा, कारण तिथलं पॉइंटांचं कार्ड होतं. दुसऱ्या पंपावर शुकशुकाट असला तरी हा आपला त्या पंपाच्या रांगेत. पुष्कळ दिवस पॉइंट साठवल्यावर एकदाचं बक्षीस मिळालं, आणि ते निघालं हेल्मेट. जीपवाल्याला हेल्मेट! सगळा स्टँड हसला. त्यानेही हसून घेतलं आणि ते उलटं करून आरशाच्या बाजूला टांगलं. त्यानंतर बाजाराला अंडी नेणाऱ्या बाया त्यात अंडी ठेवू लागल्या. एकही फुटलं नाही कधी.

हे खूळ त्याला लागलं ते वसईत. ऐन तारुण्यातली बरीच वर्षं त्याने तिथे एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे गाडी चालवण्यात घालवली. भाताची कापणी झाली की इथले लोक बाहेर कामाला जातात तसाच तो गेला, पण बाकीचे होळीला परत येतात, हा तिकडेच राहिला. विमानतळावर माणसं सोडणं आणि आणणं हे त्याचं काम. त्यातले एक शेठ सारखे विमानाने जायचे. एकदा बायकोला घेऊन निघाले होते आणि रस्त्यात याला सांगत होते की तिचं तिकीट फुकट आहे, मी इतका फिरलो त्याचे पॉइंट जमले होते. याला ते नवल वाटलं. विमानात बसून बसून विमान फुकट, हे त्याने मला निदान वीस वेळा सांगितलं असेल. पण त्यातून त्याने जे घेतलं ते मला वेगळं वाटायचं. तो म्हणायचा, फुकट हा त्यातला मुद्दाच नाही. एवढी मोठी कंपनी, तिच्याकडे हजारो माणसं, आणि तरी हा माणूस आपल्याकडे पुन्हा पुन्हा आला, हे ती लक्षात ठेवते. "आपण तर रोज तीच वीस माणसं नेतो, सिस्टर. आपण नको का लक्षात ठेवायला?"

स्वतःचे पैसे साठवून त्याने ही जुनी जीप घेतली ती वसईतून सुटण्यासाठीच. तिथे त्याला झोप लागायची नाही म्हणे. इथे घर होतं, घरामागे चिंच होती, थोडी भाताची खाचरं होती. बायकोही खूश होती. "ही गाडी चालली तर मी इथं," तो सरळ सांगायचा, "नाहीतर परत वसई." हे तो रडून नव्हे, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलायचा.

आणि मग एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं.

आता याच्या जागी दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. इथल्या आतल्या पाड्यांवर बातमी पोचायला वेळ लागतो, निदान तेवढे दिवस तरी धंदा टिकला असता. पण याने दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या जीपमध्ये, स्वतःच्या बायका-प्रवाशांना, स्वतःच्या तोंडाने सांगितलं. एसटीत अर्धं झालंय, उगीच जास्त देऊ नका, सकाळची गाडी अमक्या वेळेला फाट्यावर येते. मी त्याच्याकडे बघतच राहिले. म्हटलं, भाऊ, डोकं ठिकाणावर आहे ना? तर म्हणाला, स्कीम आहे ना, मग सांगायला नको?

त्याच्याही पुढची गोष्ट म्हणजे त्या म्हातारीची. ही म्हातारी दाभोशाच्या अलीकडच्या पाड्यावर राहते. कधी करटोली, कधी शेवळं अशी रानभाजी, कधी नाचणी, जे असेल ते बोचक्यात बांधून जव्हारला विकायला नेते. तिला एसटी पूर्ण फुकट व्हायला हवी होती, एवढं तिचं वय नक्की होतं. पण आधार कार्डावर वय चुकलेलं. याने तिला दोन-तीनदा जव्हारला नेऊन कार्ड दुरुस्त करून दिलं. जातानाचं भाडंही घेतलं नाही. म्हणजे स्वतःचं गिऱ्हाईक त्याने स्वतःच्याच गाडीत घालून एसटीच्या दारात नेऊन सोडलं.

म्हातारी मात्र पक्की. कार्ड झाल्यावर जाताना एसटीने फुकट जायची आणि येताना याच्या जीपने यायची. एसटी फाट्यावर सोडते, हा पाड्याच्या तोंडाशी सोडतो, आणि बोचकंही उतरवून देतो. मी तिला विचारलं तर म्हणाली, "जाताना सरकार, येताना पोरगा."

पण सगळ्याच काही तिच्यासारख्या नव्हत्या. गाडी रिकामी जाऊ लागली. पूर्वी मागे आठ-दहा बायका, त्यांची बोचकी, भांडणं आणि हसणं असायचं, तिथे आता दोन-तीन पुरुष आणि एखादी शेळी. तो गप्प झाला नाही, पण स्कीमांचं बोलणं कमी झालं. आणि मग एक दिवस त्याच्या हातात लाल चिंचोके आले.

चिंचोके घरच्या झाडाचे आणि रंग बायकोच्या नेलपेंटचा. बायकोने जत्रेत हौसेने घेतलेली बाटली याने एका बैठकीत संपवली, तेव्हा तिने दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. पुढे तो जव्हारहून ऑइलपेंटचा लहान डबा घेऊन आला. मी विचारलं, कार्ड का नाही छापलंस? तर म्हणाला की कार्ड पावसात भिजतं, पोरं फाडतात, उंदीर खातात. चिंचोक्याला काही होत नाही. शिवाय मोजायला सोपा, लिहिता-वाचता येवो न येवो. "आणि सिस्टर, कंपनीचे पॉइंट मरतात. वर्ष झालं की संपले. माझे मरत नाहीत. कधीही आणा, खेप चालू."

हे ‘माझे मरत नाहीत’ तो फार अभिमानाने सांगायचा. जणू विमानाच्या कंपनीवर त्याने एका बाबतीत तरी मात केली होती.

पहिल्या महिन्यात लोकांना गंमत वाटली. दाभोशाचा धबधबा बघायला आलेली शहरातली पोरं तर चिंचोक्याबरोबर फोटो काढायची. गावातले लोक हसायचे नाहीत. ते चिंचोका घ्यायचे, बघायचे, आणि धोतराच्या किंवा लुगड्याच्या गाठीत बांधायचे. तो दर खेपेला सांगत होता, जपून ठेवा. लोक मान डोलावत होते.

माझे दहा सगळ्यांत आधी झाले. रोज दोन चिंचोके म्हटल्यावर वेळ कितीसा लागणार? मी एका सकाळी पर्समधून काढून त्याच्या पुढ्यात ठेवले आणि म्हटलं, घे बाबा, आज मी फुकट.

त्याला काय करू आणि काय नको असं झालं. त्याने गाडीच बंद केली. मागे वळून सगळ्यांना सांगितलं की सिस्टरांची खेप आली. फडक्याने माझी सीट पुसली, जिच्यावर मी आधीच बसलेले होते. जव्हारपासून दाभोशापर्यंत प्रत्येक फाट्यावर हॉर्न वाजवला. उतरताना दहाही चिंचोके त्याने कपाळाला लावले आणि वरच्या खिशात टाकले. मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. एका फुकट खेपेचं एवढं सुख देणाऱ्याला झालेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

मागे म्हातारी बसली होती, आदल्या दिवशीच्या बाजाराहून परतत. ती हसत नव्हती. उतरताना तिने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "बाय, बी खाल्लीस तू?"

मला वाटलं, ही विचारतेय की तू चिंचोका खाल्लास का. मी म्हटलं, नाही आजी, त्याला परत दिले. तिने माझ्याकडे अशी काही नजर टाकली की शिकल्यासवरल्या बाईला एवढंही कळू नये. मग बोचकं उचलून चालू लागली. मी ते तिथेच सोडून दिलं. दवाखान्यात लस टोचायला बायका वाट बघत होत्या.

पावसाळा गेला. दहा झाले असतील अशी कितीतरी माणसं होती. शाळेचे शिपाई होते, रेशनच्या दुकानातला माणूस होता, म्हातारी होती, तिच्या सुना होत्या. एकानेही चिंचोके आणले नाहीत. तो आधी म्हणायचा, जमत असतील. मग म्हणायचा, विसरत असतील. मुद्दाम आठवण करायचा, अहो, तुमचे झाले असतील की. समोरचा म्हणायचा, हां हां, आहेत, आहेत. आणि भाडं काढून द्यायचा. मग हा पुन्हा एक चिंचोका द्यायचा आणि पुन्हा म्हणायचा, जपून ठेवा.

एकदा संध्याकाळी गाडीत आम्ही दोघंच होतो. त्याने रेंजच्या वळणावर गाडी थांबवली, पण फोन काढला नाही. समोर दरीकडे बघत म्हणाला, "सिस्टर, प्रत्येक पाड्यावर चिंचेचं झाड आहे. लाल रंग बाजारात मिळतो. पण खोटे चिंचोके करून सुद्धा कुणी आणले नाहीत. म्हणजे त्याला किंमतच नाही ना?"

मी काहीतरी बोलले. असं नसेल, लोकांना सवय नसते, वगैरे. त्याच्या मनात मात्र ते पक्कं बसलं होतं. त्याच्या हिशेबी लोक चिंचोका घेत होते ते त्याचं मन राखायला, आणि घरी गेल्यावर टाकून देत होते. ज्यांना पुन्हा यायचंय ते साठवतात, ज्यांना यायचं नाही ते कशाला साठवतील? विमानाच्या शेठकडून शिकलेलं त्याने असं स्वतःवरच लावलं.

खरं तर फुकट खेपा तो भरपूर देत होता, चिंचोक्यांशिवाय. बाळंतीण असो, साप चावलेला असो, तापाने फणफणलेलं पोर असो, मी निरोप पाठवला की गाडी हजर, आणि दवाखान्याच्या दारात त्याने कधी कुणाकडून भाडं घेतलं नाही. तेव्हा एखादा नातेवाईक गाठ सोडायला लागला, तर हा म्हणायचा, राहू दे, ते वेगळं. माणूस पुन्हा गाठ बांधायचा. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा वाटलं की तो पैसे काढतोय.

दिवाळी झाली आणि लोक बाहेर निघाले तसा तोही निघाला. जुन्या ट्रॅव्हल्सवाल्याने बोलावलं होतं. जीप त्याने विक्रमगडकडच्या एका माणसाला विकली. जाताना हेल्मेट मला देऊन गेला, अंडी ठेवायला. बायकोने घराला कुलूप लावलं. ती माझ्याशी बोलताना चिंचेकडे बघत होती. म्हणाली, यंदा पण भरपूर लागलीय, कोण काढणार?

त्यानंतर मी एसटीने जाऊ लागले. अर्धं तिकीट. सकाळी एक, संध्याकाळी एक, चुकली की चुकली. फाट्यापासून डबा घेऊन चालत. एका रात्री उशिरा नव्हे, चांगल्या भर दुपारी, एका बाळंतिणीला गाडी मिळेपर्यंत आम्ही झाडाखाली तिला धरून बसलो होतो. ती वाचली, बाळही वाचलं. तिची सासू मात्र सारखी कमरेची गाठ चाचपत होती आणि म्हणत होती, "आता कुणाला देऊ हे?"

तेव्हा मी विचारलं, काय आहे त्यात?

तिने गाठ सोडली. लाल चिंचोके. दहा.

पुढच्या आठवड्यात बाळांना बघायला घरोघर गेले तेव्हा मी मुद्दाम विचारत गेले. आणि तुम्हाला सांगते, घरोघर निघाले. एका घरी नाचणीच्या बियाण्याच्या मडक्यात, वर राख आणि कडुलिंबाचा पाला घालून. एका घरी भिंतीला शेणाच्या गोळ्यात काकडीच्या बिया चिकटवून ठेवतात ना, त्या शेजारच्या गोळ्यात ओळीने लाल चिंचोके. एका घरी आढ्याला टांगलेल्या फडक्यात. कुणीही टाकले नव्हते. म्हातारीला विचारलं तर तिने माझ्याकडे पुन्हा त्याच नजरेने बघितलं. म्हणाली, अगं, तो दर वेळी सांगत होता जपून ठेवा. बी दिली माणसानं, जपून ठेव म्हणाला, ती काय लगेच खायची? ती अडीनडीला. पोर आजारी पडलं, घरात कुणी अडलं, तेव्हा काढायची. बाकी आपले पाय आहेत, हातात भाडं आहे, तर रोजच्या बाजाराला बी का मोडायची?

आणि अडीनडीला तर तो काही घेतच नव्हता.

मला एकदम त्या सकाळचं तिचं विचारणं आठवलं, बी खाल्लीस तू? एवढा स्कीममधला जाणकार, पण स्वतःच्या स्कीमला त्याने बी वापरली, आणि ती शेतकऱ्याच्या हातात दिली. वर मुदतही घातली नाही.

मी घरी येऊन त्याला फोन केला. सगळं सांगितलं, मडकं, भिंत, आढं. त्याने आधी विचारलं, कुणाकुणाकडे? मग हसला. म्हणाला, सिस्टर, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. मी शपथ घेतली. तर म्हणाला, बघू, होळीला येतोच आहे.

होळीला तो आला. सणाच्या जादा एसटीतून दुपारी फाट्यावर उतरला, खांद्याला पिशवी, थोडा बारीक झालेला. बायको मागून येणार होती. मी होळीला पाड्यावर निघालेली, त्याच गाडीत होते आणि म्हातारीही, जव्हारच्या बाजारातून सणाचं सामान घेऊन. तिचं बोचकं उतरवायला त्याने हात पुढे केला, सवयीने. तिने बोचकं दिलं आणि तिथेच रस्त्याच्या कडेला बसून कमरेची गाठ सोडली. सुनांचे सुनांना वाटून तिने स्वतःचे दहा ठेवले होते. ते ओंजळीत घेऊन त्याच्यापुढे धरले.

"पाय दुखतात. आज दे माझी खेप."

तो बघतच राहिला. रंग जरासुद्धा गेला नव्हता. त्याने एक उचलून बोटात फिरवला, परत तिच्या ओंजळीत ठेवला.

"गाडी नाही आता, आजी. विकली."

"विकलीस ते ठावं हाय. पण तू म्हणालास, मरत नाय."

मान खाली घालून तो मला म्हणाला, "सिस्टर, एकाने जरी खेप मागितली असती ना, तरी मी राहिलो असतो." मी म्हटलं, मी मागितली होती. तर म्हणाला, "तुम्ही मागितलीत. पण तुमची आज नाहीतर उद्या बदली. मला यांच्यापैकी कुणीतरी मागायला हवी होती." त्याचं खोटं नव्हतं, म्हणून मला लागलं. तेवढ्यात त्याने डोळे पुसले, म्हातारीचं बोचकं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि म्हणाला, चल, सोडतो पाड्यावर.

म्हातारी उठली. त्याने हात पुढे केला, चिंचोके घ्यायला. तिने विचार केला. जन्मभर बाजारात बसलेली बाई ती. नऊ चिंचोके तिने परत गाठीत बांधले आणि एक त्याच्या हातावर ठेवला.

"गाडी नाय, तर दहा कसं? चालत जायाचा तर एकच."

तो हसला. पुष्कळ दिवसांनी, अगदी जुन्यासारखा, मोठ्याने. मग तो पुढे आणि ती मागे, असे दोघं उताराला लागले. बोलण्याचा आवाज येत होता. बहुतेक तो तिला विचारत होता की तेल कुठून घेतलंस, त्यावर काही होतं का.

चार दिवस राहून तो परत गेला. त्याच्या घराला अजून कुलूप आहे. चिंचा परसात पडतात, पोरं उचलून नेतात. ती जीप मला मध्ये जव्हारच्या बाजारात दिसली. नव्या मालकाने रंग दिलाय, पण ‘पुन्हा या’ पुसलेलं नाही, नुसतं फिकट झालंय. मी हात केला, पण गाडी थांबली नाही.

म्हातारी एसटीत भेटली की माझ्या शेजारी येऊन बसते. कंडक्टरला कार्ड दाखवते, मग कमरेची गाठ चाचपते. परवा मला म्हणाली, "माझ्या नऊच उरल्या, बाय. दहा व्हायला त्याच्या गाडीत एकदा बसावं लागंल."

मी म्हटलं, बसू या आजी. आणि फाटा येईपर्यंत आम्ही दोघीही खिडकीतून बाहेर बघत राहिलो.